हॉलमधलं मशीन

मी निघाले त्या दिवशी अमळनेरच्या फलाटावर आई सगळ्यांच्या पुढे चालत होती. माझी सगळ्यात जड बॅग तिच्या हातात, मागे मी, आणि आमच्या दोघींच्या मागे पाण्याची बाटली घेऊन आबा, माझे वडील. आपला डबा पुढे लागतो असं कुणीतरी म्हणालं आणि ती चालायलाच लागली. तिला पळताना मी कधी पाहिलं नाही, पण तिच्यासोबत चालायचं तर आपल्याला पळावं लागायचं. गाडी आल्यावर तिने खिडकीतून ज्वारीच्या बिबड्यांची, आमच्याकडच्या पापडांची, पिशवी आत सरकवली, "मोडतीन, वर काही ठेवू नको" म्हणाली, आणि गाडी हलल्यावर खिडकीच्या बरोबरीने बरंच अंतर चालत आली. आबा होते तिथेच उभे होते. धुळ्याला फिजिओथेरपी शिकून, जळगावच्या एका हॉस्पिटलात चार वर्षं काढून मी आयर्लंडला नोकरीसाठी निघाले होते. त्याला आता नऊ वर्षं झाली.

लिमरिकमधलं माझं काम घरोघर हिंडायचं आहे. म्हातारं माणूस हॉस्पिटलातून घरी जाणार असलं की त्याच्या आधी मी त्याच्या घरी जाते. खिशात टेप असते. दाराची रुंदी, पलंगाची उंची, पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट, सगळं मोजते आणि मग घरातल्यांना सांगते की हे कपाट हलवा, तो गालिचा गुंडाळा, आजोबांची आरामखुर्ची दुसऱ्या खोलीत न्या. सुरुवातीला मला लाज वाटायची. कुणाच्या तरी घरात शिरून त्यांच्या आजोबांच्या खुर्चीला बाहेर काढणारी मी कोण? पण लोक ऐकतात, निमूटपणे हलवतात आणि वर चहा देतात. माझ्या रिपोर्टात वाटेतल्या अडथळ्यांचा एक रकाना असतो. तो मी आता भराभर भरते.

आबा आमच्या गावातल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. तीस-बत्तीस वर्षं ते त्या वरच्या केबिनमध्ये उभे राहिले. तिथे दोन मोठी मशीनं होती, माणसापेक्षा उंच, बिडाच्या पायावर उभी. एकावरचं रीळ संपत आलं की दुसरं सुरू करायचं. पुढे सिनेमा डिजिटल झाला आणि आबा नुसती बटणं दाबायला लागले, तरी ती मशीनं कोपऱ्यात उभी होती आणि आबा ती पुसत होते. मी आयर्लंडला आल्यावर काही वर्षांनी टॉकीज पाडायची ठरली. मालकांनी आबांना विचारलं, आठवण म्हणून काय पाहिजे? माणूस घड्याळ मागतो, खुर्ची मागतो. आबांनी एक मशीन मागितलं.

ते घरात कसं आलं ते मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. आमचं घर म्हणजे पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर. हॉल दहा बाय बारा. दारातून मशीन जाईना म्हणून वरचा दिवा ठेवायचा पेटारा काढला, रिळांचे डबे काढले, तरी पाया जाईना, मग दाराची चौकट काढली. मला वाटलं, आता कोपऱ्यात ठेवतील आणि वर एखादी कुंडी येईल. पण आबांनी शहाबादी फरशी उचकटली, खाली खड्डा खणला, सिमेंट ओतलं, त्यात चार जाडजूड बोल्ट सोडले आणि तीन दिवस पाणी मारून मग मशीन त्यावर आवळलं. ना फिल्म, ना त्याला लागणारा वीजपुरवठा. ते कधी चालणार नव्हतं. मी हसत म्हटलं, "आबा, मग बोल्ट कशाला?" ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "मशीन हालनं तं चित्र हालस." एवढं बोलून त्यांनी पान्याने आणखी अर्धा फेरा आवळला.

आई भडकली होती. हॉलमध्ये तिची खाट, टीव्ही आणि शिवणयंत्र होतं. शिवणयंत्र स्वयंपाकघरात गेलं, टीव्ही कपाटावर चढला, आणि खाटेच्या उशाशी हे धूड उभं राहिलं. दारातून आत येणाऱ्यावर त्याचं भिंग रोखलेलं. "हाई मशीन शे का जवाई शे?" ती मला फोनवर विचारायची. "बठना तं उठानं नावच लेत नही." आम्ही दोघी खूप हसायचो. पण दसऱ्याला तिनेच त्याला झेंडूचा हार घातला, आणि पुढे त्याच्यावर जुन्या साडीची खोळ शिवून घातली. धूळ बसते म्हणाली.

मग आईला झटका आला. डावी बाजू गेली. मी तीन आठवड्यांची रजा काढून पोहोचले तेव्हा ती जळगावला हॉस्पिटलात होती. माझे बहुतेक दिवस तिथेच गेले. तिला घरी आणल्यावर माझ्या हातात पाच दिवस उरले. मी येताना बॅगेतून घडीचा वॉकर आणला होता, हलका, अॅल्युमिनियमचा. आईने त्याच्याकडे पाहून बोबडं बोबडं विचारलं, "हाई माले धरी का मी याले धरू?" तिची जीभ परत येते आहे याचाच मला इतका आनंद झाला की ती काय म्हणते आहे तिकडे मी लक्ष दिलं नाही. आबांना व्यायाम शिकवले, कागदावर चित्रं काढून भिंतीला चिकटवली. हॉल मोजला. खाट आणि मशीन यांच्यामध्ये वॉकर जेमतेम जात होता. निघताना मी आबांना म्हटलं, की हे काढावं लागेल. ते "दखू", म्हणजे बघू, म्हणाले. पुढे फोनवरही मी आठवण करून देत राहिले.

बाहेर राहणाऱ्यांनो, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. आपण इकडे परत येतो आणि घर सहा इंचांचं होतं. आबा फोन जसा धरतील तेवढंच घर मला दिसायचं. आईचा चेहरा, मागे छत, आणि दर वेळी कडेला त्या मशीनचा एक तुकडा. आई उठून बसायला लागली. मग दोन पावलं टाकते असं कळलं, मग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते असं. माझ्या व्यायामांनी आणि वॉकरने काम केलं असं मी धरून चालले आणि इकडच्या मैत्रिणींना अभिमानाने सांगितलं. ती कशी उठते, कशाला धरते, हे मी विचारलं नाही. पेशंटच्या घरी गेल्यावर पहिला प्रश्न मी हाच विचारते.

एका रविवारी तिच्या कपाळावर जांभळं टेंगूळ दिसलं. मी विचारलं, काय झालं? आई म्हणाली, "काही नही, लागनं थोडं." आबा तिच्या मागे उभे राहून माझ्याकडे न बघता खोळ नीट करत होते. मला बाकी काही दिसलं नाही. तिथल्या तिथे माझा रिपोर्ट तयार झाला, अडथळ्यांचा रकाना भरला गेला. मी किती महिने सांगते आहे, तुम्ही ऐकत नाही, आज कपाळ फुटलं, उद्या खुबा मोडेल, असं बरंच बोलले. शेवटी म्हटलं, "आबा, आईपेक्षा मशीन मोठं आहे का तुम्हाला?"

त्यांनी खोळीवरचा हात काढून घेतला. मग "बरं" म्हणाले.

आठवड्याभरात त्यांनी फोटो पाठवला. रिकामा हॉल. भंगारवाल्याची माणसं आली होती, वरचे भाग सुटे केले होते, पण सिमेंटमधले बोल्ट सुटेनात म्हणून ते ग्राइंडरने फरशीलगत कापले होते. फोटोखाली एक अक्षरही नव्हतं. मी व्हिजिटच्या गडबडीत होते. उत्तर म्हणून अंगठा पाठवला.

त्यानंतरच्या फोनवर आई पडलेलीच असायची. आबा म्हणायचे, "थंडी शे ना, म्हनीसन पडेल शे." मग थंडी गेली. मग म्हणायचे, आताच जेवली, आताच औषध घेतलं, डोळा लागला. आणि दर वेळी शेवटी, "बठ्ठं ठीक शे," सगळं ठीक आहे. तुमच्याही घरून बठ्ठं ठीकच असेल. आपण एवढ्या लांब बसून काय करणार, उगाच जीवाला घोर कशाला, असं त्यांना वाटतं. आपणही ते खरं मानतो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी आठची शिफ्ट असते.

पाच महिन्यांनी मी गेले. हॉल चांगला ऐसपैस दिसत होता. वॉकर खिडकीपाशी उभा होता आणि त्याच्यावर आबांचे पंचे वाळत होते. आई खाटेवर होती, मला बघून रडली आणि हसली. पाय बघितले तर पोटऱ्या गेलेल्या. मी म्हटलं, चल, उठून दाखव. मी तिच्या डाव्या बाजूला उभी राहिले. ती कडेला सरकली, पाय खाली सोडले, पुढे झुकली, आणि तिचा उजवा हात वर गेला. उशाच्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, हवेत. बोटं मिटली, काहीच हाताला लागलं नाही, आणि ती परत खाली बसली. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा तिने हात वर नेलाच नाही.

शेजारच्या सुमनअक्का चहा घेऊन आल्या होत्या. आमच्या घरात पोरीसारख्या वावरणाऱ्या, आईच्या आजारपणात रोज येणाऱ्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "ती मशीनले धरीसन उठे ना व. तुले माहीत नही?"

मला माहीत नव्हतं. अक्कांनी सांगितलं तेव्हा सगळं समोर उभं राहिलं. खाटेवरून उठताना रिळाच्या डब्याची कड धरायची, मग मधल्या चाकाची मूठ, मग पायाचा दांडा, आणि तिथून हात लांब केला की स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. एवढी तिची वाट. ते लोखंड तिच्या सगळ्या भाराने तसूभर हलत नव्हतं, म्हणून तिचा त्याच्यावर भरवसा बसला होता. कपाळाला लागलं ते वॉकर ओल्या फरशीवरून सटकला म्हणून. त्या दिवशी आबांनीच तिला म्हटलं होतं, पोरीने एवढ्या लांबून आणला आहे, एकदा वापरून तर बघ.

स्वयंपाकघरात आबा चहाचे कप विसळत होते. मी विचारलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू सांगं व्हतं, म्हनीसन काढं," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुनं शिक्षन शे ते. आमले काय समजस?"

मी जे करता येण्यासारखं होतं ते केलं. भंगारवाल्याकडे गेले. मशीन धुळ्याला गेलं होतं, धुळ्याहून पुढे भट्टीत. जळगावहून स्टीलचे दांडे आणले, बाथरूमला लावतात तसले, आणि मिस्त्री बोलावून भिंतीत पक्के बसवून घेतले, बरोबर त्याच उंचीवर. मी स्वतः त्यांना लोंबकळून पाहिलं. आईने एकदा हात लावला, "हाई हालस" म्हणाली आणि हात काढून घेतला. ते हलत नव्हते. मी दहा वेळा सांगितलं, हलवून दाखवलं, रागावले, विनवलं. ती ऐकून घ्यायची आणि माझी समजूत काढल्यासारखी माझा हात थोपटायची. पाठ्यपुस्तकातलं मला सगळं येतं. बिडाच्या त्या ओबडधोबड मशीनवर तिचा जीव कसा बसला आणि तो दुसऱ्या कशावर कसा बसवायचा, हे मात्र मला येत नाही. मला आईला उभं करता आलं नाही. या वेळी निघताना फलाटावर आबा एकटे होते. आई घरी खाटेवर होती आणि तिच्याजवळ सुमनअक्का बसल्या होत्या.

इकडे परत येऊन चार महिने झाले. अजून टेप खिशात घालून लोकांच्या घरी जाते, पण रकाना भरायच्या आधी आता तासभर बसते. कोण कशाला धरून उठतं ते बघते. माझी साहेबीण म्हणते, तू हळू झालीस.

मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही तिकडे जाऊन घराला विसरलो. तसं झालं असतं तर माझ्या आईचे पाय चालते राहिले असते. माझ्यासाठी घर म्हणजे आता अशी जागा, जिथे माझा शब्द कुणी खाली पडू देत नाही, आणि म्हणून मला तोंड उघडायची भीती वाटते. फोनवर मी हल्ली काही सुचवत नाही. हवापाणी विचारते, जेवण विचारते. पण आता ती दोघंच मला विचारतात. गेल्या रविवारी आबांनी विचारलं, खाट खिडकीजवळ घेऊ का, उजेड बरा येईल. मला फोनमध्ये अर्धी खाट आणि आईचा एक खांदा दिसत होता. खिडकी दिसत नव्हती. मी म्हटलं, "आईला विचारा, तिला कसं पाहिजे ते." आबांनी फोन तिच्याकडे वळवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू सांग."

मग आबाही खाटेवर टेकले, आणि ती दोघं मी काय सांगते त्याची वाट बघत राहिली.