बेटावरचा हायड्रोजन आणि आमची गाळण

भीतीचं एक बरं असतं. प्रसंग घडतो तेव्हा घशाला कोरड पडते, आणि काही दिवसांनी चहाच्या वेळी तेच सांगताना माणूस हातवारे करायला लागतो! गोव्यात मांडवी नदीतल्या आमच्या बेटावर कंपनीने हायड्रोजनचा पंप टाकला आणि त्यावर चालणारी एकुलती एक बस आणली, तेव्हापासून असे किस्से साचतच गेले. मी शर्मिला, डिचोलीची. पंपाची सेफ्टी माझ्याकडे. उल्हास पेडण्याचा, इंजिनीअर. बसचा ड्रायव्हर महादेव, मूळचा कोल्हापूरकडचा. तिघेही घाबरट. फक्त प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

* * *

पंप सुरू होण्याआधी गावात मीटिंग झाली. पुण्याहून आलेले एक्स्पर्ट छान बोलत होते. "हायड्रोजन सगळ्यात हलका. गळती झाली तरी खाली साचत नाही, क्षणात वर निघून जातो!"

मागच्या बाकावरून एक म्हातारे गृहस्थ उठले. "सायबा, गॅस वर जातो तें कळलें. आमचें कितें?"

एक्स्पर्ट कागद चाळायला लागले. तेवढ्यात म्हाताऱ्यांच्या शेजारच्या मित्राने त्यांना हात धरून खाली बसवलं. "बस रे, आमी पण वरच!"

सगळे हसले. उल्हास मात्र हसला नाही. परत येताना गाडीत मला म्हणाला, "गे शर्मिला, त्या म्हाताऱ्याचा काय चुकला सांग?"

* * *

हायड्रोजनला पेटायला ठिणगी पुरते, अंगावरच्या नायलॉनच्या कपड्यांची सुद्धा. म्हणून आत जाण्याआधी प्रत्येकाने अंगातली वीज जमिनीत सोडायला गेटजवळच्या अर्थिंगच्या रॉडला हात लावायचा, असा नियम मी केला. उल्हास रॉडला हात लावायचा, मग तोच हात कपाळाला, मग छातीला. त्याचं बघून महादेवही तसंच करायला लागला. एके सकाळी पाहते तर रॉडवर जास्वंदीचं फूल!

नेमके त्याच दिवशी परवान्यासाठी तपासणीला सरकारी साहेब आले. फुलाकडे बघत उभे राहिले. आता हे लिहिणार, आणि परवाना गेला!

साहेबांनी आत डोकावून टाक्यांची उंच रांग पाहिली. रॉडला हात लावला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच नमस्कार केला.

* * *

हायड्रोजनची ज्योत भर उन्हात दिसत नाही. धूर नाही, रंग नाही. माणूस सरळ तिच्यात चालत जाऊ शकतो. ती दाखवणारा कॅमेरा आमच्याकडे होता, पण तो दुरुस्तीला गेला होता, आणि त्याच दुपारी कॉम्प्रेसरच्या बाजूने सूं असा बारीक आवाज यायला लागला.

मी इमर्जन्सीचं बटण दाबलं. पंप थांबला, आवाज थांबेना. पाइपात उरलेला गॅस निघत होता. नुसताच निघत होता की पेटला होता? वॉल्व्ह त्या बाजूला, आणि मध्ये काय आहे ते दिसत नव्हतं.

उल्हासने कोपऱ्यातला हिराचा झाडू उचलला. जुन्या कारखान्यांत असंच करत, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. झाडू पुढे धरून तो पाऊल-पाऊल निघाला. चेहरा चुन्यासारखा पांढरा. मी मागून फक्त "हळू, हळू" म्हणत होते.

आणि मोकळ्या हवेत, जिथे काहीच नव्हतं, तिथे झाडूच्या टोकांनी पेट घेतला!

उल्हास जागच्या जागी थिजला. मग झाडू टाकून मागे सरकला, लांबून वळसा घातला, वॉल्व्ह बंद केला आणि खाली बसला.

त्यानंतर त्याने घरात झाडू हातात धरलेला नाही. आजही भीती वाटते म्हणे. त्याची बायको मला म्हणाली, "बरा सापडला हो ह्यांका हायड्रोजन!"

* * *

काजूच्या दिवसांत एका सकाळी पंपावरचा अलार्म ठणाणा वाजला. आम्ही सगळे नियमाप्रमाणे कुंपणाबाहेर, आंब्याखाली जमायच्या जागी धावलो. तिथे पोचलो तर काय! आंब्यापलीकडे शेजारच्या बागेच्या मालकाने, भाटकाराने, काजूच्या दारूची, उर्राकाची भट्टी लावली होती. खाली लाकडं धडधडत होती!

"विझव! विझव!" आम्ही सगळे एकदम ओरडलो. त्याने घाबरून पाण्याची कळशी ओतली. मग मी गॅसचा मीटर घेऊन फिरले, तर हायड्रोजनचा पत्ताच नाही. आमचे सेन्सर दारूच्या वाफेलाही फसतात, हे त्या दिवशी कळलं.

भाटकार भिजलेल्या लाकडांकडे बघत म्हणाला, "यंत्राचें नाक बरें आसा. पयली धार वळखली!"

आम्हाला हसू फुटलं ते भीती उतरल्याचं. पण वाजलेला अलार्म पुलापलीकडे डिचोलीपर्यंत बातमी होऊन गेला होता. दुपारी गेटवर माझी आई उभी. घामाघूम, पायात दोन वेगळ्या चपला.

"आई, काही झालं नाही गं!"

तिने माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "बरं," म्हणाली, आणि आल्या बसने परत गेली.

* * *

आणि हा किस्सा फेरीबोटीवरचा. बस पणजीला दाखवायला न्यायची होती, आणि त्या बाजूला पूल नाही, फेरीच. प्रवासी न घेता खास फेरी ठरली. बोटीवर बस, मी, महादेव आणि बोट चालवणारे जुझे; त्यांना सगळे मालक या अर्थी पात्रांव म्हणायचे.

नदीच्या मधोमध बसच्या छतावरून फुस्स आवाज सुरू झाला आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. टाक्या छतावरच होत्या.

"पात्रांव, इंजिन बंद करा!" मी ओरडले. "तुमच्या धुराड्यातून ठिणग्या उडताहेत!"

"बंद केलें तर बोट खंय वतली?"

"जाऊ दे कुठेही!"

इंजिन थांबलं. बोट ओहोटीबरोबर खारफुटीकडे वाहायला लागली. एवढ्या शांततेत तो आवाज दुप्पट मोठा वाटायला लागला. मी महादेवला सांगितलं, "लाइफ जॅकेट घाल आणि त्या टोकाला जा. वेळ आली तर उडी मार." ठिणगी पडू नये म्हणून ठेवलेली पितळेची चावी घेतली आणि बसच्या मागच्या शिडीवर चढले.

शिडी हलायला लागली. मग एकदम घट्ट झाली. खाली बघायची हिंमत नव्हती. वर गेले, वॉल्व्हला चावी लावली. पहिल्यांदा हलेना. ओढणी वाऱ्याने तोंडावर येत होती. दुसऱ्यांदा पूर्ण अंग टाकलं. आवाज बारीक झाला. मग बंद.

उतरले तर महादेव शिडी दोन्ही हातांनी धरून उभा, डोळे मिटलेले. लाइफ जॅकेट पायाशी पडलेलं.

पात्रांव धावत आले. त्याच्या पाठीवर थाप मारली. "कितें काळीज रे तुजें! तूं पळूंक नाय!"

महादेवने एक डोळा उघडला.

"कसलं काळीज, पात्रांव! पाय हलंनात म्हणून हितंच ऱ्हायलो. आन् पडू नये म्हणून शिडी धरली."