लाल मोटारीचे हक्कदार

वाचकहो, मोटारीच्या मालकीत कोंबडीचा वाटा किती असावा, याचा तुम्ही कधी विचार केला आहे का? मी केला आहे. भर सभेत, मारुतीच्या देवळाच्या पायरीवर उभा राहून केला आहे, आणि निवाडाही दिला आहे.

तेव्हा मी नुकताच मॅट्रिक होऊन किहीमला घरी बसलो होतो आणि माझ्याइतका तत्त्वनिष्ठ माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा नव्हता. (होता, असे अजून कुणी सिद्ध केलेले नाही.) दोष वडिलांचा. ते मुंबईत एका छापखान्यात खिळे जुळवीत आणि सुटीला येताना छपाईत बिघडलेली पत्रके गठ्ठ्याने घरी आणत. बाकीची मुले 'ग म भ न' गिरवीत तेव्हा मी 'बंधूंनो, जागे व्हा!' गिरवत होतो. त्यामुळे पान वाढायला जरा उशीर झाला तरी मी उसळून विचारी, "हा अन्याय किती काळ सोसायचा?"

आई म्हणे, "आमटीला उकळी येईपर्यंत."

आमच्या घरात तिसरे माणूस म्हणजे नानाकाका, वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केले नाही. अर्धा जन्म आगबोटीच्या पोटात, इंजिनाला तेल घालण्यात गेला. एडन पाहिले, रंगून पाहिले, पण पाहिले म्हणजे काय, तर एका वाटोळ्या भोकातून! समुद्रावर राहून वारा म्हणून तो कधी अंगाला लागला नाही. घरी परतल्यावर ते संध्याकाळी पुळणीवर जाऊन बसत आणि म्हणत, "अरे, एकदाच एखाद्या उघड्या मोटारीत बसावं, आपल्या हातानं इंजिन सोडावं, आणि तोंडावर वारा घ्यावा. मग आपलं काही मागणं नाही." आगबोटीवर जमवलेली सगळी पुंजी त्यांनी त्यासाठीच राखली होती.

आणि त्याच वर्षी किहीमला लाल मोटार आली!

ती मोटार म्हणजे नुसती मोटार नव्हे. दोनच माणसांची, टप नसलेली, शर्यतीत धावावी अशी लांब नाकाची. मागे एक झाकण होते; ते उघडले की एक बैठक निघे आणि तिच्यात एक माणूस गुडघे हनुवटीला लावून मावे. किनाऱ्यावरचा एक बंद बंगला त्या साली मुंबईच्या कुणीतरी भाड्याने घेतला होता आणि तिथे ही मोटार घेऊन विलासराव नावाचे गृहस्थ राहायला आले. डोळ्यांना काळा चष्मा, पायात पांढरे बूट, एक हात चाकावर आणि दुसरा केसांवर. ओहोटीला ते ओल्या वाळूवरून अशी मोटार सोडत की कुत्रीसुद्धा भुंकायची विसरून बघत बसत.

नानाकाका रोज बघायला जाऊ लागले. आठवड्याभरात विलासरावांनी त्यांना चालवायलाही शिकवले. आणि एके दिवशी सुस्कारा टाकून म्हणाले, "काका, ही वाघीण मला विकावी लागणार. मुंबईत जागा नाही हो ठेवायला. पण कुणा ऐऱ्यागैऱ्याला देणार नाही. तुम्हीच घ्या."

काका घरी आले ते तरंगत.

"विलायती मोटार!" मी गरजलो. "काका, आपल्या घरात विलायती सुईसुद्धा येत नाही!"

"अरे, पण वापरलेली आहे ना! पैसा काय विलायतेला जाणार आहे? विलासरावांकडे जाणार."

मी विचार केला. मुद्दा बिनतोड होता. नवी मोटार घेणे हा देशद्रोह. जुनी घेणे म्हणजे परकीय माल परकीयांच्या हातून कायमचा सोडवणे! (पंधरा मिनिटांत मी या विषयावर एक पत्रकही लिहून काढले.)

आई चुलीपुढून म्हणाली, "भाऊजी, मोटारीचा कागद बघितलात का? नोंदणीचा?"

"मुंबईला आहे म्हणतात, वहिनी."

"मग मुंबईहून आणू द्या. किंवा अलिबागेस कचेरीत जाऊन विचारा."

"कचेरीत?" मी ताडकन उठलो. "परक्या सरकारच्या दारात? मोटार कुणाची हे गोऱ्यांचा शिक्का सांगणार? आई, शिक्का खोटा असतो, जनता खरी असते! आपण जनतेला विचारू!"

आता हे नुसते माझे खूळ नव्हते. आमच्या भागात नारळाची वाडी घ्यायची म्हणजे हीच रीत. जमीन एकाची, माड दुसऱ्याचे, विहिरीचे पाणी तिसऱ्याचे आणि वाडीतून जायची वाट सगळ्या गावाची. म्हणून घेणारा आधी दवंडी पिटवतो, ज्याचा ज्याचा हक्क असेल तो देवळापुढे येऊन सांगतो, त्याचे समाधान करायचे आणि मग वाडी निर्वेध. विकणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. तो रोज वाडी शिंपताना सगळ्यांनी पाहिलेला असतो. विलासरावही मोटार रोज पुसताना सगळ्यांनी पाहिलेले होतेच!

म्हणून डफवाला गावभर फिरला. "ऐका हो ऐका! लाल मोटार विकली जात्ये! तिच्यावर कुणाचा हक्क, हिस्सा, मानपान असंल त्यानं रविवारी मारुतीच्या देवळाशी यावं हो!"

माझी कल्पना होती की कुणी येणार नाही. रविवारी देवळापुढे पाय ठेवायला जागा नव्हती.

पहिला उठला पोशा नाखवा. मोटार मुंबईहून त्याच्या पडावातून आली होती. "दादा, वाटंत लय वारा उठला व्हता. मी दर्याला नवस बोललो, ही लाल बया सुखरूप लागली तर दर नारली पुनवेला तिला हार घालून किनाऱ्याव आनीन. नवस माजा हाय. मोटार कुनाची बी आसूं दे, पुनवेला ती मना पायजे!"

मी म्हणालो, "मान्य!"

मग गाडीवान गणू. "पुळणीत रुतली तवा माज्याच बैलांनी वडून काडली. न्हाय म्हना!"

"नाही कोण म्हणतो?"

"मंग हितनं फुडं रुतंल तवा माजेच बैल जुपायचे. दुसऱ्याचे आनले तर बैल मनाला लावून घेतात."

"मान्य!"

लोक टाळ्या वाजवू लागले. मला स्फुरण चढले. मग शेजारच्या भागामावशी पुढे आल्या आणि पदर खोचून म्हणाल्या, "माझी खुडूक कोंबडी त्या मोटारीच्या मागल्या बैठकीत अंड्यांवर बसल्ये. अंडी माझी, कोंबडी माझी. जागेचं काय ते बोल!"

सगळी सभा माझ्याकडे पाहू लागली. हा प्रश्न खरोखर अवघड होता. मी डोळे मिटले, मूठ वर उचलली आणि म्हणालो, "बंधूंनो! भगिनींनो! दुबळ्याला हुसकावून श्रीमंतांच्या गाड्या आजवर पुष्कळ धावल्या. ही धावणार नाही! पिल्ले बाहेर पडेपर्यंत मागच्या बैठकीवर कोंबडीचा ताबा राहील!"

काय टाळ्या पडल्या! विलासराव तर रुमालाने डोळे पुसत होते. "असा न्याय मुंबईत नाही हो," ते कसेबसे म्हणाले. (मला वाटले, गहिवरले.)

मी तीनदा पुकारले, "आणखी कुणाचा हक्क आहे?" कुणी उठले नाही.

मागून आई हळूच म्हणाली, "सगळ्यांनी आपापला हक्क सांगितला. विलासरावांनी नाही सांगितला."

"आई!" मी दबक्या आवाजात ओरडलो. "त्यांचा हक्क नसता तर त्यांनी विकली असती का?"

आईने माझ्याकडे असे पाहिले, की मी जरा बाजूला सरकलो. पण तोवर काकांनी मारुतीसमोर पुंजीची पुरचुंडी विलासरावांच्या हातावर ठेवली होती, आणि काकांचा चेहरा असा उजळला होता की आईलाही पुढे बोलवेना.

दुसऱ्या दिवशी विलासराव म्हणाले, "मी आता मुंबईला जातो. रेवसच्या धक्क्यावर सोडाल ना?" म्हणजे काकांच्या मालकीची पहिली सफर! काका चाकापाशी, शेजारी विलासराव आणि मागे मी, मांडीवर विलासरावांची पिशवी आणि बुडाखाली जेवढी कोंबडीने सोडली तेवढी जागा. दर वळणावर ती माझ्या कोपराला टोचत होती. पण खरे सांगतो, ती सफर मी अजून विसरलेलो नाही. दोन्ही बाजूंनी माड मागे पळत होते, मिठागरावरून खारा वारा येत होता, काकांचे पांढरे केस उभे राहिले होते आणि ते इंजिनाला उद्देशून मोठमोठ्याने काहीतरी गात होते. तोंडात वारा शिरून शब्द पुसून जात होते.

रेवसला ओहोटी लागली होती. मुंबईची लाँच दूर खोल पाण्यात थांबली होती आणि होड्या उतारूंना धक्क्यावर आणत होत्या. भोवती नुसता काळाभोर चिखल. मी पिशवी घेऊन उतरतो आहे, तोच एका होडीतून एक बाई धक्क्यावर चढल्या. चाळिशीच्या, पायात बूट, एक हात गळ्यात बांधलेला.

विलासरावांनी त्यांना पाहिले. आणि तो पांढऱ्या बुटांचा गृहस्थ धक्क्यावरून सरळ चिखलात उडी मारून, पलीकडे शीड चढवत असलेल्या मचव्याकडे धावत सुटला!

मला वाटले, बिचाऱ्यांना लाँच सोडून मचव्याने जायची घाई आहे आणि पिशवी तर माझ्याकडे! दुसऱ्याची वस्तू आपल्यापाशी राहू देणे माझ्या तत्त्वात बसत नव्हते. मीही चिखलात उडी मारली. "अहो विलासराव! पिशवी! तुमची पिशवी राहिली!"

दहा पावलांवर ते गुडघ्यापर्यंत रुतले. त्यांच्या मागे हातभर अंतरावर मी रुतलो. त्यांनी मागे वळून हात लांब केला. मीही पिशवी धरून हात लांब केला. दोघांमध्ये बोटभर अंतर राहिले.

धक्क्यावर मात्र वेगळेच संभाषण चालले होते.

"ही मोटार कुणाची हो?" बाईंनी काकांना विचारले.

"आपलीच!" काका छाती काढून म्हणाले.

"असं? मग माझी कुठं गेली?"

"तुमची कसली होती?"

"अशीच. लाल. हाच नंबर. दाराला हाच पोचा. माझा हात मोडला म्हणून ड्रायव्हर ठेवला आणि बंगला झाडूनपुसून ठेवायला त्याला मोटार घेऊन पुढं पाठवलं. मी गिरगावात डॉक्टर आहे. आज सकाळीच माझ्या दवाखान्यात एक कोळीण आली, ती सांगत होती की काल किहीमला लाल मोटारीच्या हक्कदारांना बोलावणं होतं. एका कोंबडीचाही दावा आहे म्हणे." मागच्या बैठकीतून कोंबडीने मान वर काढली. बाईंनी तिच्याकडे पाहिले. "हो, खरंच की! मला यायला एक दिवस उशीर झाला. पण माझाही थोडा हक्क निघेल असं वाटतं. मोटार माझी आहे."

काका एकदम म्हातारे दिसू लागले. मग ते चिखलाकडे वळले आणि आगबोटीच्या भोंग्यासारखे ओरडले, "ती पिशवी देऊ नकोस रे गाढवा!"

माझी बोटे पिशवीवरून सुटतच होती. मी ती पोटाशी घट्ट धरली आणि तशीच घेऊन चिखलात बसलो. पुंजी पिशवीतच होती, पुरचुंडीची गाठसुद्धा न सुटलेली.

आम्हा दोघांना कोळणींनी फळ्या टाकून ओढून काढले. आधी मला काढा, असे मी सांगत होतो, पण कपड्यांवरून विलासराव सभ्य दिसत असल्याने त्यांना आधी काढले. मग धक्क्यावरच्या शिपायाने त्यांना नेले. मी चिखल निथळत बाईंपुढे उभा राहिलो आणि म्हणालो, "तरी पाहा, दवंडीचा उपयोग झाला!"

डॉक्टरीणबाई हसायच्या थांबेनात. काका मात्र मोटारीतून उतरून बाजूला उभे होते, एक हात अजून दारावर. बाईंनी ते पाहिले.

"काका, इंजिनातलं कळतं तुम्हाला?"

"तेवढंच कळतं, बाई."

"मला तर आता ड्रायव्हर उरला नाही. बसा परत चाकापाशी. जरा जोरात सोडा, मला वारा आवडतो."

बाईंचा हात दोन महिन्यांत बरा झाला. पण तेव्हापासून दर हंगामात त्या किहीमला येतात आणि मोटार वर्षभर आमच्या मांडवाखाली असते. आमच्या सभेतले सगळे हक्क त्यांनी जसेच्या तसे मानले. पिल्ले बाहेर पडेपर्यंत मागच्या बैठकीला कुणी हात लावला नाही, गणूचे बैल अजून दुसऱ्यांना मोटार ओढू देत नाहीत, आणि नारळी पौर्णिमेला झेंडूचा हार घालून ती लाल बया पुळणीवर उभी राहते तेव्हा पोशा नाखव्यापेक्षा नानाकाकांचीच मान जास्त ताठ असते. पुंजी काकांनी आईपाशी ठेवायला दिली. माझ्यापाशी द्यायचे कुणाच्या मनातही आले नाही.

वाचकहो, आता एक विनंती. तुम्ही कधी किहीमला आलात, तर एक म्हातारे गृहस्थ लाल मोटार तुमच्या अगदी पायाशी आणून थांबवतील आणि न विचारताच म्हणतील, "मोटार आपली आहे!" तुम्ही खुशाल आत बसा, वारा खाऊन या. फक्त उतरताना त्यांना एवढे विचारा, "तुमची, ती कशावरून?" हा प्रश्न कुणीतरी विचारलाच पाहिजे. मी विचारून पाहिला. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "यानंच सभा घेऊन ठरवलंय!"