आईने मागितलेला हात

माझा धाकटा भाऊ जन्मला आणि आईला ताप चढला. भाऊ जगला नाही. ताप उतरला तेव्हा आईच्या पायांतला जीव गेला होता. म्हसावदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. मिशनच्या दवाखान्यातल्या मडम बैलगाडीने येऊन तिला पाहून जात. तापावर औषध आहे, पायांचं मात्र काही सांगता येत नाही, असं त्यांनी बाला, म्हणजे माझ्या बापाला, स्पष्ट सांगितलं होतं. निघताना त्या आईजवळ बसून प्रार्थना करायच्या. येशूची गोष्ट आईने त्यांच्याकडूनच ऐकली. पावसात वाट बंद झाली, मडम येईनाशा झाल्या, तरी आई आमच्या भिली बोलीत त्याच्याशी बोलत राहिली. जणू तो खाटेच्या कडेलाच बसलेला असायचा.

बाला हे पटत नव्हतं, पण त्याने तिला कधी अडवलं नाही. शेवटी त्याने बडव्याला बोलावलं. रोग काढणारा, बाधा ओळखणारा माणूस तो. त्याने सुपात ज्वारीचे दाणे टाकले, बराच वेळ न्याहाळले आणि सांगितलं की हिला डाकिणीने धरलंय. मग त्याने शेजारच्या विधवा काकीकडे बोट दाखवलं.

आईच्या बाळंतपणात तिच्या उशाशी बसून होती ती हीच काकी. डाकीण ठरलेल्या बाईचं गावात काय करतात ते आम्हा पोरींनाही ठाऊक होतं. झाडाला टांगून, कबूल होईपर्यंत मारायचे. दुपारी आमच्या अंगणात माणसं जमली. कोणी दोर आणला होता.

आईने बाला आत बोलावलं आणि काकीला आणायला सांगितलं. लोकांना वाटलं, ही आता तिला तोंडावरच डाकीण म्हणणार. दोघांनी काकीला दंडाला धरून आणलं. तिची मान वर होत नव्हती.

"माझ्या पायांवर हात ठेव," आई म्हणाली.

काकी हलली नाही. आपला हात लागून हिला काही झालं तर आपण संपलो, हे तिला कळत होतं. बडव्याने दारातून बजावलं की तो हात लागला तर ही संध्याकाळ बघणार नाही.

आईने त्याच्याकडे पाहिलं. "मला धरलंय ते येशूने," ती म्हणाली. "तिथे दुसऱ्या कुणाला जागा नाही."

काकीने हात ठेवले. आईने डोळे मिटले. मी अगदी जवळ होते, म्हणून तिचे शब्द मला ऐकू आले. स्वतःचे पाय तिने मागितलेच नाहीत. ही बाई निर्दोष आहे एवढं यांना दिसू दे, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

मग ती थांबली आणि म्हणाली, "तुझे हात ऊन आहेत."

इतके दिवस गरम पाण्याने शेकलं तरी तिला कळत नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत तिच्या पायाचा अंगठा हलला. काकीच्या गळ्यात हात टाकून तिने पाय जमिनीला टेकवले आणि ती उभी राहिली. क्षणभरच, मग मटकन खाली बसली. पण दारातल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं. एकेक माणूस अंगणातून निघून गेला. बडवा आपलं सूप घेऊन सर्वांत शेवटी गेला.

पुढे मी स्वतः दवाखान्यात काम केलं. तापात गेलेले पाय कधी कधी आपोआप परत येतात, असं तिथे ऐकलं. येत असतील. पण पायांची काही खात्री नसताना आईने तो हात मागून घेतला होता. ते आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

हिवाळ्यात आई लंगडत नदीवर गेली आणि तिने बाप्तिस्मा घेतला. बा काठावर उभा होता. तिच्या मागोमाग काकी पाण्यात उतरली. पाद्रीसाहेबांनी विचारलं, तुला कोणी तारलं? काकीने आईकडे पाहिलं. आईने मानेनेच नाही म्हटलं. तेव्हा काकीने येशूचं नाव घेतलं, हळूच, नुकत्याच ओळख झालेल्या माणसाला हाक मारावी तसं.