स्वेटर घेऊन साजगावला

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी मी स्कूटरच्या डिकीत लोकरीचा स्वेटर, माकडटोपी आणि पायमोज्यांचे दोन जोड कोंबले. डिकीचं झाकण लागेना, म्हणून स्वेटर काढून कमरेला बांधला. त्या आठवड्यात आमच्या कर्जतला सकाळी सातलाच पत्रे तापत होते.

“काश्मीरला निघालात का?” बायकोनं, सुनंदानं, दारातून विचारलं.

“साजगावला.”

“मग येताना सुकट आणा.”

साजगाव म्हटलं की आमच्या घरात जत्रेतल्या सुक्या मासळीपलीकडे कुणाला काही आठवत नाही. मी मात्र बर्फावर उभं राहायला निघालो होतो, आणि एका बाईंचं तोंड बंद करायला. पण हे सगळं हेल्मेट घातल्यावर सांगत बसण्यासारखं नव्हतं.

वाचकांना सांगायला हवं. कर्जतला माझं चष्म्यांचं दुकान आहे आणि गेली सहा वर्षं मी जोडी स्केटिंगवर मराठीतून ब्लॉग लिहितो. बर्फाच्या मैदानावर एक पुरुष आणि एक स्त्री, पायांत पोलादी पात्यांचे बूट. तो तिला भर वेगात डोक्यावर उचलतो, कधी हवेत भिरकावतो, आणि तिनं गिरक्या घेऊन एका पायावर उतरायचं. एका रिकाम्या दुपारी दुकानातल्या टीव्हीवर हा खेळ दिसला आणि समोर डोळे तपासायला बसलेल्या गिऱ्हाइकाला मी साफ विसरलो. तेव्हापासून जगात कुठेही स्पर्धा असली की मी फोनला चिकटलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. वाचणारे तीसेक. त्यातले दहा नातेवाईक, आणि ते वाचत नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे.

मनापासून वाचणारी एकच, नसीम. साजगावात तिच्या सासरच्यांचा बर्फाचा कारखाना आहे. ती तिथे फोनवर ऑर्डरी घेते. धंद्याचं काहीतरी शोधायला तिनं मराठीत ‘बर्फ’ असं टाकलं आणि समोर माझं पान आलं. चार वर्षं तिनं एकही पोस्ट सोडली नव्हती. प्रत्येकीखाली तिच्या दोन ओळी असायच्याच. आम्ही कधी भेटलो मात्र नव्हतो.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका मोठ्या स्पर्धेत एक जोडी पडली. म्हणजे ती पडली. त्यानं तिला डोक्यावरून खाली उतरवताना तिचा पाय निसटला आणि ती त्याच्या पायाशी आडवी झाली. त्यानं काय करावं? तिच्यापासून लांब वळला, चार हात दूर जाऊन थांबला आणि हात वर केला, जणू परीक्षकांना सांगतोय की यात माझा काही दोष नाही. मग आला तिच्याकडे. माझं डोकंच फिरलं. ‘हात न देणारा जोडीदार’ अशी पोस्ट लिहिली. ‘पडलेल्या माणसाला हात द्यायला प्रशिक्षक लागत नाही’ हे तिच्यातलं वाक्य लिहून झाल्यावर मी स्वतःच दोनदा मोठ्यानं वाचलं होतं.

आणि ती पोस्ट पसरली! कुठल्या कुठल्या गटांत फिरली. ज्यांनी आयुष्यात स्केट पाहिला नाही अशांनी त्या परक्या माणसाला शिव्या घातल्या आणि मला शाबासकी दिली. मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो. तेवढ्यात नसीमच्या दोन ओळी आल्या: ‘सर, तुम्ही स्वतः कधी बर्फावर उभे राहिला आहात का? नसाल तर आमच्याकडे या. तोवर मी वाचणार नाही.’

नाकाला मिरच्या झोंबल्या. वर नाक करून मी पुढच्या दोन पोस्टी लिहिल्या. वाहवा भरपूर आली, नसीमच्या ओळी आल्या नाहीत. त्या वाहवेत मला गंमत वाटेना. एवढीच खरी वाचक होती माझी, तीही गेली तर लिहायचं कुणासाठी?

तर असा मी निघालो. पळसदरी मागे पडली तशी डाव्या हाताला घाटाची भिंत सरळ उभी राहिली. भातखाचरं कोरडीठाक होती आणि मध्येमध्ये राबाचे (रोपं टाकण्याआधी पालापाचोळा पसरून जाळलेल्या जागेचे) काळे चौकोन दिसत होते. केळवलीच्या पुढे रस्त्याकडेला एक मावशी करवंदं घेऊन बसल्या होत्या. मी थांबलो. त्यांनी पानाचा द्रोण भरता भरता माझ्या कमरेकडे पाहिलं.

“माथेरानला चाललाव?”

“नाही, खोपोलीकडं.”

“मंग ह्यो कशाला?” त्यांनी स्वेटरला बोट लावलं. “बरं नाय का तुमाला? ताप हाय?”

बर्फावर उभं राहायला जातोय, असं मी सांगितलं. मावशींनी द्रोणात आणखी मूठभर करवंदं टाकली आणि म्हणाल्या, “सावलीत बसून खावा. उन्हाचं डोक्यात जातं कधीकधी.” मी सावलीत बसून खाल्ली. शर्टावर जांभळे डाग पडले, ते अजून निघालेले नाहीत.

खोपोलीत दोनदा रस्ता चुकून साडेनऊला साजगावात पोचलो. कारखाना म्हणजे एक लांब, उंच शेड. दारातच अमोनियाचा वास नाकात शिरला आणि डोळ्यांत पाणी आलं. नसीम बाहेर आली. तिशीची, डोक्यावरून ओढणी, कानाला फोन. मला पाहून तिनं फोन ठेवला.

“आलात सर! मला वाटलं, रागावलात.”

“रागावलो होतोच,” मी म्हणालो.

“चांगलंय. आधी खाऊन घ्या.” तिच्या सासूबाईंनी सांदणं (तांदूळ आणि नारळाच्या दुधाची वाफवलेली जाळीदार वडी) केली होती. रागावलेल्या माणसानं किती खावीत याला काही मर्यादा असते, ती मी पाळली नाही.

मग मी स्वेटर चढवला, माकडटोपी घातली आणि आत गेलो. मला वाटत होतं, आत हिमालय असेल. आत भट्टी होती! यंत्रं धडधडत होती, पत्रा तापला होता, हवा दमट. फळ्यांनी झाकलेल्या मोठ्या हौदात, मिठाच्या थंडगार पाण्यात, लोखंडी डबे बुडवून ठेवलेले. बर्फ तेवढा त्यांच्या पोटात. आणि समोर बनियन-लुंगी आणि गमबूट घातलेली दोन माणसं घामानं निथळत उभी होती. एक उंच आणि काटकुळा, तो बाळाराम. दुसरा बुटका, पोट सुटलेला, तो दत्तू.

दत्तूनं मला टोपीपासून मोज्यांपर्यंत पाहिलं. “बाळाराम, पावन्यांना थंडी वाजते रं. दार लावू का?”

नसीमनं ओढणी तोंडाला लावली. ती हसत होती हे मला कळत होतं.

पण त्या दोघांचं काम सुरू झालं आणि मी स्वेटर विसरलो. डबा कलता झाला की पुरुषभर लांबीची लादी सुळकन ओल्या फरशीवर येई. बाळाराम तिच्या नाकात आकडा अडकवून पुढे ओढत होता, दत्तू मागून तोल धरत होता. वळणावर बाळाराम नुसता खांदा पाडायचा आणि मागे दत्तूचा पाय आपोआप बाहेर पडायचा. एकमेकांकडे बघणं नाही, बोलणं नाही. दाराशी टेंपोजवळ लादी आली की दोघं एकाच वेळी थांबायचे. सहा वर्षं मी ‘जोडीचा ताळमेळ’ असं लिहीत आलो होतो. तो मला इथे बनियनवर दिसला. माझ्या तोंडून “वा!” निघालं. दत्तू म्हणाला, “वा काय त्यात? अठरा वर्सं झाली. ह्याचा खांदा बघूनच मला कळतं, घरी भांडून आलाय का नाय.”

आता माझी पाळी. एक लादी बाजूला आडवी ठेवली. बाळाराम म्हणाला, “मोजे काढा. मोज्यावर टिकायचा नाय तुमी. गमबूट देतो.”

“मोज्यांनीच,” मी म्हणालो. सहा वर्षांचा अभ्यास होता ना.

बाळारामच्या खांद्याला धरून मी चढलो. तळव्यांतून कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. पण उभा होतो! चक्क बर्फावर. नसीम फोटो काढत होती. मी खांदा सोडला. इथवर ठीक होतं. पण मला सुचलं, एक हात पुढे, एक पाय मागे, अशी मुद्रा घ्यावी. स्केटिंगमधल्या बायका हवेतून उतरतात तशी.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. छत दिसलं. टोपी डोळ्यांवर आली. मी फरशीवर पाठीवर पडलो होतो, आणि दत्तूनं त्याच वेळी सोडलेली दुसरी लादी उतारानं माझ्याच दिशेनं येत होती. मी बाळारामकडे हात केला. तो माझ्यापासून लांब गेला. खरंच सांगतो, पाठ फिरवून दोन पावलं लांब गेला, त्या लादीत आकडा हाणला, पाय रोवला आणि दुसऱ्या हाताचा पंजा माझ्याकडे उघडला.

“हलू नका!”

पलीकडे दत्तू जागच्या जागी थिजला. लादी माझ्या हाताच्या पसरलेल्या बोटांपासून वीतभर अंतरावर थांबली. मग बाळारामनं श्वास सोडला, पंजा खाली केला, आणि तेव्हा कुठे दोघं माझ्याकडे आले. सावकाश, पाय न उचलता.

माझी पाचावर धारण बसली होती आणि अशा वेळी माझा आवाज चढतो. “अहो, माणूस पडला तर आधी हात द्यायचा की नाही?”

“मी हात द्याया आलो असतो, तर लादी कुनी धरली असती?” बाळाराम शांतपणे म्हणाला. “आनि धावलो असतो तर तुमच्यावरच पडलो असतो. बर्फावर पडलेल्याकडं धावायचं नसतं. आदी आपून थांबायचं.”

दत्तूनं डाव्या हाताची करंगळी पुढे केली. ती मधूनच वाकडी होती. “मी पडलो, तवा हा नवीन होता. लय माया आली ह्याला, धावत आला. ही त्याच्या मायेची खूण.”

बाळाराम लाजून हसला. अठरा वर्षांनंतरही लाजला.

मी नसीमकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही ऐकवणार. ती एवढंच म्हणाली, “सर, घरी जाऊन तो व्हिडिओ परत बघा. आणि तोवर हे कमरेला लावा.” तिनं गोणपाटात भुसा घालून बर्फाचा एक मोठा तुकडा बांधून दिला.

परतीचा प्रवास मी स्कूटरवर अर्धा उभा, अर्धा बसलेला असा केला. पायाशी गोणपाट ठिबकत होतं. केळवलीला मावशी अजून बसल्या होत्या. त्यांनी माझी अवस्था पाहिली आणि ओरडून विचारलं, “काय, झालं का उभं राहून?” मी हात हलवला.

घरी आलो तेव्हा बर्फ नारळाएवढा उरला होता. सुनंदानं तो फडक्यात गुंडाळला आणि मला पालथं झोपवलं. सुकट मी विसरलो होतो, त्याबद्दल ती त्या दिवशी बोलली नाही. मी फोन उशीवर ठेवून तो व्हिडिओ लावला.

तिचा पाय निसटतो. ती पडते, हात पसरलेले, बोटं उघडी, बरोबर त्याच्या वाटेवर. तो वळतो. त्याच्या पात्याखालून बर्फाचा भुगा उडतो, इतक्या जोरात तो स्वतःला तिच्यापासून बाजूला काढतो. थांबतो. आणि मग तो वर गेलेला हात. तो परीक्षकांकडे नव्हताच. पंजा उघडा होता आणि तिच्याकडे होता. ती ते बघते आणि बोटं आवळून घेते. मग तो जातो.

हे सगळं मी आधी दहा वेळा पाहिलं होतं. लोकांना नीट दिसावं म्हणून चष्मे विकून पोट भरणारा माणूस मी, आणि तिला जपणारा हात मी झटकलेला हात म्हणून गावभर दाखवला होता. मला मनापासून लाज वाटली. सुनंदाला हे सांगितलं, तर ती म्हणाली, “मग लिहा ना तसं.”

लिहिलं. जुनी पोस्ट काढून टाकली नाही, ती तशीच ठेवून वर ठळक अक्षरांत लिहिलं, की मी चुकलो, हात दिला होता, मला ओळखता आला नाही. त्या खेळाडूची माफी मागितली. त्याला मराठी येत नाही, पण म्हणून माफी थोडीच टाळता येते? ही दुरुस्ती कुठल्याच गटात फिरली नाही. वाचणारे परत तीसेकवर आले.

चौथ्या दिवशी नसीमच्या ओळी आल्या. दोनाच्या तीन झाल्या होत्या: ‘सर, वाचलं. बाळारामदादांना पण वाचून दाखवलं. ते विचारतात, यात स्वेटर कुठाय, आणि तुम्ही पडलात ते का नाही लिहिलं?’

खरं होतं. दुरुस्तीत मी ‘बर्फाच्या एका कारखान्याला भेट दिल्यावर’ एवढंच लिहून सटकलो होतो. सहा वर्षं मी लोकांचं पडणं बारीकसारीक तपशिलांसह लिहीत आलो, कोण कसं पडलं, चूक कुणाची, उठायला किती वेळ लागला. म्हणून आज हे माझं.