होईलकी-मामा आणि हिरव्या चिठ्ठीचा चेलो

माझ्या मामाचं खरं नाव पोस्टमनला आणि मामीच्या माहेरच्यांना माहीत असेल. बाकी सगळी गल्ली त्याला होईलकी म्हणते. मामा वाद्यं दुरुस्त करतो. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. तारा तुटलेली व्हायोलिनं, भाता फाटलेले अकॉर्डियन, पोट फुटलेल्या गिटारी सगळी त्याच्या दारात येतात, आणि प्रत्येकाबरोबर एक माणूस येतो जो तोच प्रश्न विचारतो: कधी मिळेल?

मामा आधी वर पंख्याकडे बघतो. मग चष्मा कपाळावर चढवतो. मग मान एका बाजूला टाकतो, झोप आलेल्या पोपटासारखी, आणि आवाजात पाक घालून म्हणतो, "होईल कीऽऽ..." तो 'की' इतका लांबतो की गिऱ्हाईक पायरी उतरून कोपऱ्यावर पोहोचलं तरी मागून ऐकू येत असतो.

मामा आळशी नाही हां. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पालीसारखा वाद्यांना चिकटलेला असतो. त्याचं म्हणणं एवढंच की लाकूड चिकटवायचा सरस वाळायचा तेव्हाच वाळतो, त्याला कॅलेंडर वाचता येत नाही. हे पटलं नाही ते अकॉर्डियनवाल्या आजोबांना. त्यांनी अकॉर्डियन दिला तो नातवाला शिकवायचा म्हणून. आता नातवाला मिशी फुटली. आजोबा रोज फिरून येताना दारात उभे राहतात, काठी दोनदा आपटतात आणि विचारतात, "काय होईलकी, माझ्या हयातीत?"

"आजोबा, हयात मोठी आहे तुमची. होईल की."

तर असा हा माणूस. आणि त्याने एकदा तारीख दिली.

झालं असं की ताईचा, म्हणजे मामाच्या मुलीचा, चेलो दुरुस्तीला आला होता. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीवर बसून दोन गुडघ्यांत धरून वाजवायचा. ताई दुसऱ्या शहरात राहते. सुट्टीत आली तेव्हा चेलोची मान हलायला लागली होती, म्हणून तो बापाकडे ठेवून ती परत गेली आणि मैत्रिणीच्या चेलोवर सराव करू लागली. मग एके दिवशी तिचा फोन आला. तिथल्या वाद्यवृंदात एक खुर्ची रिकामी झाली होती. शनिवारी निवड. अशी खुर्ची कुणी म्हातारं झालं तरच रिकामी होते, आणि वाजवणारी माणसं लवकर म्हातारी होत नाहीत.

"बाबा, दुसऱ्याच्या चेलोवर वाजवणं म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून पळणं. मला माझा पाहिजे. शुक्रवारपर्यंत. आणि हे बघा, होईल की म्हणू नका."

मामाने पंख्याकडे बघितलं. चष्मा वर चढवला. मान कलायला लागली, आणि अर्ध्यातच थांबली.

"शुक्रवारी तुझ्या हातात," मामा म्हणाला.

पडद्यामागे मामीच्या हातातला डाव खाली पडल्याचा आवाज आला.

आणि पठ्ठ्याने काम केलंही! सोमवारी सकाळी चेलो तयार. आता पोहोचवायचा कसा? मामा स्वतः गेला असता, पण त्याला बसमध्ये मळमळतं. बस सुरू व्हायच्या आधीच. म्हणून पार्सल. पार्सल बांधताना बघायला हवं होतं त्याला. तारा थोड्या सैल केल्या, पण फार नाही. कारण चेलोच्या पोटात एक छोटी लाकडी काडी उभी असते, पाठीला आणि छातीला टेकलेली. ती चिकटवलेली नसते, नुसती तारांच्या दाबावर उभी राहते. तारा सोडल्या की काडी पडली, आणि काडी पडली की चेलोचा आवाज डब्यासारखा. मग त्याला पेटीत झोपवलं, मानेखाली उशी, अंगावर जुनी दुलई, आणि हे सगळं फळ्यांच्या खोक्यात. मामी म्हणाली, "माझ्या बाळंतपणात मला एवढं गुंडाळलं नव्हतंत."

कुरिअरच्या दुकानात काउंटरमागे एक गृहस्थ बसले होते. केस चप्प, शर्टाच्या खिशात चार पेनं, आणि शब्द असे सोडत होते की जणू प्रत्येकाला वेगळं भाडं पडतं.

"कधी पोहोचेल?" मामाने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा काउंटरच्या या बाजूने.

"तसं... लवकरच."

"म्हणजे?"

"म्हणजे दोनतीन दिवस. कधीकधी उद्यासुद्धा. कधीकधी... पण शक्यतो लवकरच." मग त्यांनी ड्रॉवर उघडला. "घाई आहे का?"

आता इथे काय झालं ते नीट समजून घ्या. 'घाई' हा शब्द मामासमोर कुणी काढला की त्याच्या तोंडून जे निघतं त्यावर मामाचा ताबा नसतो. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो, तसं. सगळी हयात गिऱ्हाइकांना तेच सांगत आलाय.

"छे छे!" मामा म्हणाला. "घाई कसली? घाईनं कामं बिघडतात. सावकाश होऊ द्या."

गृहस्थांनी मान डोलावली, ड्रॉवरमधून एक हिरवी चिठ्ठी काढली आणि खोक्यावर थापली. मामाला तो रंग आवडलासुद्धा. "प्रसन्न आहे," म्हणाला.

बुधवारी ताईचा फोन: आलं नाही. गुरुवारी ताईचा फोन: आलं नाही. मग आम्ही कुरिअरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक बाई. आवाज असा की कुणीतरी मधात बुडवून वाळत घातलाय.

"नमस्काऽर! आपलं पार्सल वाटेत आहेऽ!"

"कुठे वाटेत?" मामा.

"वाऽटेत आहे, सर!"

मामीने फोन हिसकावला. "बाई, वाट एवढी मोठी असते. कुठलं गाव? कुठला रस्ता? एखादं झाड तरी सांगा."

"मॅडम, लवकरात लवकर पोहोचण्याच्या मार्गावर आहेऽ!"

"मार्गावर तर आम्ही सगळेच आहोत," मामी म्हणाली आणि फोन आपटला.

त्या दिवशी जेवताना सगळ्यांची तोंडं उतरलेली. मला ते सहन होत नाही. म्हणून मी चार चमचे खिशात खोचले, केस पाण्याने चप्प बसवले आणि काउंटरवाले गृहस्थ करून दाखवले. आधी वर बघितलं. मग मान कलती केली. "तसंऽ... लवकरचऽऽ..." मामी हसून हसून घास घशात अडकून खोकायला लागली. पाणी प्यायली, डोळे पुसले आणि म्हणाली, "अगं कार्टे, हा कुरिअरवाला कुठला? हा तर तुझा मामा!"

मी थांबले. खरंच की. मान मामाची होती, पाक मामाचा होता. मला वेगळं काही करावंच लागलं नव्हतं.

मामा हसला नाही. भाताशी बोटं खेळवत राहिला. मग हळूच म्हणाला, "ऐकायला असं लागतं होय?"

"तुम्ही ऐकवता," मामी म्हणाली. "आम्ही ऐकतो. लग्नापासून."

शुक्रवारी दुपारी मामीने पदर खोचला आणि आम्हा दोघांना घेऊन कुरिअरच्या गोदामात गेली. गोदाम आमच्या घरापासून इतकं जवळ की वाटेत मामाला दम लागायलाही वेळ मिळाला नाही. आत खोक्यांचे डोंगर, एक घुर्र घुर्र पंखा, आणि पंख्याखाली तीन हमाल एका टेबलाभोवती चहा पीत बसलेले. टेबलावर किटली, डबे, पत्त्यांचा कॅट. टेबलाच्या एका अंगाला एक प्रसन्न हिरवी चिठ्ठी.

"अहो!" मामा ओरडला. त्याला ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "माझी मुलगी आहे ती!"

हमाल घाबरून उभे राहिले. त्यातला थोराड मिशाळ जरा सावरून म्हणाला, "मुलगी? आम्हाला वाटलं कपाट आहे. काय मजबूत बांधलंय हो! जरा डुगडुगत नाही. सोमवारपासून बघतोय."

"सोमवारपासून इथेच?" मामी.

"हिरवा माल आहे ना, ताई. लाल म्हणजे घाईचा, तो लगेच जातो. हिरवा गाडी भरली की जातो."

"आणि गाडी कधी भरते?"

मिशाळाने पंख्याकडे बघितलं. "भरते की."

मी मामाकडे बघितलं नाही. मामीनेही नाही. आम्हाला दया आली.

खोकं घरी आणलं, उचलायला हमालच आले, बिचारे भले होते. मामाने ताईला फोन केला. "शुक्रवारी तुझ्या हातात म्हणालो होतो. ते चुकलं. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने मी घेऊन येतो."

"तुम्ही? बसने?"

"बसने."



शनिवारी मामा खिडकीशी, चेलो मधल्या सीटवर, मी कडेला. मामाच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, हातात लिंबू. कंडक्टर आला, चेलोकडे बघून म्हणाला, "हे कोण?"

"पेशंट," मी म्हणाले.

"आणि हा?" त्याने मामाकडे बोट केलं. मामा तोवर हिरव्या चिठ्ठीच्या रंगाचा झाला होता.

"हे डॉक्टर."

"मग अवघड आहे," कंडक्टर म्हणाला. मामाने लिंबातून तोंड काढून विचारलं की गाडी कधी पोहोचेल. कंडक्टर म्हणाला, "पोहोचेल हो. रस्ता मोकळा मिळाला की." मामाने डोळे मिटून घेतले. आणि रस्त्यात खड्डे असे की ड्रायव्हर त्यांना नावानं ओळखत असावा.

निवडीची जागा म्हणजे लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खुर्च्या, खुर्च्यांवर गप्प बसलेली पोरं आणि शेवटी एक बंद दार. ताई धावत आली. चेहरा खडूसारखा. "आणखी एक जण, मग मी."

पेटी उघडली. चेलो दिसायला ठणठणीत. मामाने त्याला उचललं, आणि पोटातून आवाज आला. टक. टकटक. टक.

काडी पडली होती.

ताई भिंतीला टेकून खालीच बसली. मैत्रिणीचा चेलो तिने सकाळीच परत केला होता, बाबा येणार म्हणून. मामाने खिशातून काडी बसवायचं एक वाकडं, नागमोडी लोखंड काढलं. तो ते पेनासारखं बाळगतो. मामी म्हणते, पेन असतं तर कधीतरी तारीख लिहिली असती.

तेवढ्यात दार उघडलं. एक उंच बाई, दोरीला बांधलेला चष्मा, आवाज पट्टीने आखलेला. "पुढचं कोण?"

ताईने हात वर केला. बाईंनी जमिनीवर आडवा पडलेला चेलो बघितला, त्याच्यात डोकं घालून बसलेला मामा बघितला.

"किती वेळ लागेल?"

मामाने मान वर केली. बोळातली सगळी पोरं त्याच्याकडे बघत होती. तो पंख्याकडे बघायला गेला, पण बोळात पंखा नव्हता. चष्मा कपाळावर गेला. मान कलायला लागली. ताईने डोळे मिटले.

"दहा मिनिटं," मामा म्हणाला.

"दहा," बाई म्हणाल्या. "मग मी पुढच्याला घेईन." दार बंद.

काडी पोटात, आणि हात घालायला जागा म्हणजे छातीवरची दोन बारीक नागमोडी भोकं. मामाने चेलो हलवून काडी भोकातून बाहेर काढली, लोखंडाच्या टोकावर टोचली, आत सोडली, आणि ती पडली. पुन्हा टोचली. पुन्हा पडली. घाम नाकावरून टपकत होता. "ये बाई," तो काडीला म्हणत होता, "उभी राहा. एकदाच उभी राहा. शब्द दिलाय." मी चेलो धरला होता, ताई तारा धरून होती. तिसऱ्यांदा काडी उभी राहिली. मामाने श्वास रोखला, तारा ताणल्या, घोडी सरळ केली, कान लावून खुंट्या पिळल्या. दार उघडलं तेव्हा तो शेवटची खुंटी पिळत होता. बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि दार उघडं धरलं. ताई आत गेली.

बाहेर आम्हाला ऐकू येत होतं. मला सूर कळत नाहीत, माणसांचे आवाज कळतात. पण तो चेलो एखाद्या माणसासारखाच बोलत होता. खालच्या, भरल्या आवाजात, घाई न करता. मामा दाराला कान लावून उभा होता.

ताई बाहेर आली. मागोमाग बाई. "छान," त्या म्हणाल्या. "लवकरच कळवू."

आणि मामा पुढे झाला. माझा मामा! जन्मभर लोकांना पायरीवरून परत पाठवणारा. "बाई," तो म्हणाला, "लवकरच म्हणजे नक्की कधी?"

"बाबा!" ताईने त्याचा शर्ट ओढला.

"थांब गं. नाही, राग मानू नका. पण वार सांगा. वार असला की माणूस झोपतो तरी."

बाईंनी चष्मा काढला. पहिल्यांदाच हसल्या. "सोमवारी. जेवणाच्या सुट्टीआधी."

सोमवारी मामाने कशालाही हात लावला नाही. फोनसमोर स्टूल टाकून बसला. सुट्टीआधीच घंटी वाजली. मामाने ऐकलं, नुसतं "हं, हं" केलं आणि रिसीव्हर हातात धरून बसून राहिला. "मिळाली," तो म्हणाला. "अगदी मागची, खांबाआडची. पण खुर्ची मिळाली." पडद्यामागे मामीने डाव पुन्हा पाडला, या वेळी मुद्दाम.

नेमके तेव्हाच अकॉर्डियनवाले आजोबा दारात येऊन उभे राहिले. काठी दोनदा आपटली. "काय होईलकी, माझ्या हयातीत?"

मामा उठला. पंख्याकडे बघितलं नाही. मान सरळ ठेवली. "आजोबा," तो म्हणाला, "मंगळवारी घेऊन जा."

आजोबांनी आधारासाठी दाराची चौकट धरली. मीही काहीतरी धरलं. भिंतीवरच्या गिटारीसुद्धा ऐकत असाव्यात.

आणि पडद्यामागून मामीचा आवाज आला:

"कुठल्या मंगळवारी?"