पट्टी नसलेला पाहुणा

वेई नदीच्या वरच्या अंगाला, छिन राज्याच्या जुन्या मुलखात, वानची सराई होती. बाईचा स्वभाव भारी चौकस. कायद्यानं प्रत्येक वाटसरूकडं लाकडी ओळखपट्टी लागे. तिच्यावर नाव, गाव, उंची, रंग. इतर सराईवाले ती कंटाळत तपासत, ही मिटक्या मारत वाचायची.

एकेक राज्य पडलं तेही तिला वाटसरूंकडूनच कळलं. सहा राज्यं गिळून आपला राजा सम्राट झाला, तेव्हा गाव दारू पिऊन नाचलं. त्याच्या हुकमानं सगळ्या गाड्या एका मापाच्या झाल्या म्हणून तिनं फाटकाचा खांब हौसेनं हातभर सरकवला. मग सम्राटाच्या थडग्याच्या कामावर तिचा धाकटा भाऊ थाओ कैदी म्हणून गेला आणि सगळं कौतुक आटलं. सात वर्षं ती येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच्याबद्दल विचारत राहिली.

एका दुपारी तो स्वतःच दारात उभा राहिला. नुसता हाडांचा सापळा, कपाळावर कैद्याचं गोंदण.

"ताई, राळ्याची पेज दे गं. पोटात आग पडलीय."

वानचा हात त्याच्या गालाकडं गेला आणि मध्येच थांबला. शेजारचा खांग ओट्यावरून बघत होता. बिनपट्टीचा माणूस घरात घेतला तर आजूबाजूच्या पाचही घरांना शिक्षा, आणि खांगकडं तीन लेकरं.

"पट्टी कुठाय?" तिनं विचारलं.

"तिकडं नुसती पळापळ झालीय. कोण देणार पट्टी?"

"मग पुढं हो बाबा."

थाओ वळून नदीच्या वाटेला लागला. तिचा राग येतो खरा. पण तिच्या जागी आपण काय केलं असतं, छातीठोक सांगवत नाही.

दुसऱ्या दिवशी मिठाचा गाडीवान आला. तिनं हात पुढं करताच तो हसत सुटला.

"कसली पट्टी मागतेस वहिनी? राजधानी पडून सहा दिवस झाले! गादीवरचा नवा राजा गळ्यात दोरी बांधून बंडखोरांना शरण गेला. जुने कायदे रद्द!"

खांगचं तोंड उघडंच राहिलं. "पंधरा वर्षांत साम्राज्य खलास? मग आम्ही कालपर्यंत भीत कुणाला होतो?"

वान पुढचं ऐकायला थांबलीच नाही. नदीच्या उताराशी तुतीच्या झाडाखाली थाओ सापडला, पाय सुजलेले. त्याला खांद्याचा आधार देत तिनं घरापर्यंत आणलं. उंबऱ्याशी तो थबकला.

"चल ना आत."

"पट्टी नाही माझ्याकडं."

"अरे वेड्या, आता कोण विचारतंय?"

"तूच विचारलंस ना, ताई."