वरून टाकलेलं पुस्तक

धप्प.

रोज सकाळी शाळा भरली की हा आवाज. हेडमास्तर उंबऱ्याच्या आत, मी बाहेर ओसरीवर. ते कपाटातून पहिलीचं पुस्तक काढायचे, कमरेइतकं उंच धरायचे आणि सोडून द्यायचे. मी वाकून उचलायचं. हातातून हातात दिलं तर त्यांना विटाळ. मी महारवाड्यातला मास्तर. समोर माझाच वर्ग, चाळीस पोरं. सगळी बघायची.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. शिवताशिवत कायद्यानं बंद होती. माझ्या नेमणुकीच्या कागदावर सरकारी शिक्का होता. पेडगावाकडच्या त्या खेड्यात कागद पोचला. कायदा परभणीतच राहिला.

पहिल्या दिवशी घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "वरून का असंना, मिळायलंय नव्हं? तुझ्या बापाला तर पुस्तकाचा वारा बी लागू दिला न्हाई."

वर्षभर वाकलो. आजही आठवलं की हेडमास्तरांच्या आधी माझा मलाच राग येतो.

चाळीस पोरांत पुस्तक एक. नवी येणार, नवी येणार, हे नुसतं ऐकत होतो. मी ते हातात धरून मोठ्यानं वाचायचो, पोरं मागून ओरडायची. महिन्याभरात सगळ्यांना सगळं तोंडपाठ. तपासणीचे साहेब खूश होऊन गेले. मी एकदा मुद्दाम पुस्तक उलटं धरलं आणि एका पोरीपुढं केलं. तिनं धडाधडा धडा म्हणून दाखवला. अक्षर एक ओळखत नव्हती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोपटच करायचे तर मास्तर कशाला पाहिजे?

रोज आपटून आपटून पुस्तकाची शिवण उसवत चालली होती. एका सकाळी ते पडलं आणि पानं ओसरीभर पांगली. हेडमास्तर बघून न बघितल्यासारखे आत गेले. पोरं धावली. ज्याला जे पान मिळालं ते त्यानं धरलं, सोडीचना. छापलेला कागद त्यांच्या हातात पहिल्यांदाच आला होता.

मी गोळा करायला निघालो होतो. थांबलो. म्हणालो, "राहू द्या. दोघांत एक पान. आज ह्येच वाचायचं."

आता पाठांतर चालेना. धडा मधूनच सुरू व्हायचा, मधूनच तुटायचा. पुढचं पाहिजे असेल तर पुढचं पान कुणाकडं आहे ते शोधायचं. शोधायचं तर वाचायचं. पोरं ओसरीभर फिरायला लागली. "तुझ्याकडं काय हाय? दाव की." मी शिकवली होती त्यापेक्षा जास्त अक्षरं त्या तीन आठवड्यांत त्यांनी एकमेकांकडून घेतली.

हेडमास्तरांची लेक शकूही माझ्याच वर्गात. पहिलीला दुसरा मास्तर होताच कुठं? तिच्या पानावर तांबू गाय नदीवर गेली होती. शेवटची ओळ होती, 'तिने पाहिले तर'. आणि पान संपलं.

शकू पुढचं पान शोधत शोधत पायरीपाशी आली. तिथं आमच्या वस्तीची पोरं बसायची. पुढचं पान गयाकडं होतं. गया रोज परकराला हात पुसून ते पान हातात घ्यायची. तिनं ते पुढं केलं. शकूनं घेतलं. हातातून हातात. मग दोघी एका पानावर डोकी घालून बसल्या आणि बोट ठेवून वाचायला लागल्या. 'वासरू पैल काठावर उभे होते.'

उंबऱ्यात हेडमास्तर उभे होते.

पोरीला दंडाला धरून ओढलं. घरी नेऊन न्हाऊ घातलं म्हणे. परत आले ते लिहिलेला कागद घेऊन. तोही खाली टाकला.

"सही कर. 'मी सरकारी पुस्तक फाडलं, माफी असावी.'"

तीन आठवडे पानं सुटी होती, तेव्हा त्यांना सरकार आठवलं नव्हतं.

कागद मी उचलला. ते शेवटचं वाकणं. त्याच्या खाली लिहिलं, 'पुस्तक मी फाडले नाही. ते रोज वरून टाकल्याने उसवले.' सही केली. कागद उंबऱ्यावर ठेवला.

"माजलास," ते म्हणाले. "नोकरी करायची न्हाई का तुला?"

दुसऱ्या सकाळी, पोरांकडली पानं काढून घेऊन दाभणानं शिवलेलं पुस्तक घेऊन ते उंबऱ्यात आले. मी हात पुढं केला.

"हातात द्या, गुरुजी."

धप्प.

मी वाकलो नाही. पुस्तक पडलं तिथंच पडून राहिलं. पोरं पुस्तकाकडं बघत होती, मग माझ्याकडं. शकूची जागा रिकामी होती. गया पायरीवरून उठली.

"गुरुजी, आपलं पुस्तक पडलंय. मी उचलू?"

गुन्हा कुणाचा आणि उपास कुणाला! तिच्याकडं कालपर्यंत एक पान होतं, आज तेही नव्हतं. पण वर्षभर या पोरांनी माझ्याकडून काय बघितलं होतं? मास्तर कसा वाकतो ते. तेही त्यांना पाठ झालं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "तू बी वाकायचं न्हाई."

"मग वासराचं काय झालं?"

मला ठाऊक होतं. तोंडी सांगता आलं असतं. सांगितलं नाही. आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यानं सांगितलेलंच ऐकलं. गया ते वाचेल. तिच्या डोळ्यांनी.

"पुस्तक हातात आल्यावर कळंल," मी म्हणालो.

आणि हात पुढं करून उंबऱ्यासमोर उभा राहिलो. शाळा सुटेपर्यंत. उद्याही उभा राहणार होतो, परवाही. बदली करतील तर त्या शाळेच्या उंबऱ्यासमोरही.